वर्षअखेरची तक्रारसभा

आमच्या चित्रपट मंडळाचा वर्षभराचा कारभार तसा रीतसर होता. महिन्याला एक चित्रपट, मग चर्चा. चर्चेत तेच चारपाच जण बोलणार, बाकीचे माना डोलावणार. डिसेंबरातल्या शेवटच्या बैठकीची गोष्ट मात्र वेगळी. पत्रिकेवर तिचं नाव 'वार्षिक आढावा' असं छापलेलं असे, तोंडी ती तक्रारसभा. वर्षातल्या उत्तम चित्रपटांच्या याद्या काय, कुठेही वाचायला मिळतात. आमच्याकडे सुनावणी व्हायची ती अपेक्षाभंगाची आणि वैतागाची. एरवी वर्षभर न फिरकणारे सभासद त्या दिवशी वेळेआधी येऊन पहिल्या रांगा धरत.

नियम दोनच. ज्या चित्रपटाबद्दल तक्रार करायची तो शेवटच्या नामावलीपर्यंत पाहिलेला हवा. अर्ध्यातून उठून आलात तर बसून ऐका, बोलू नका. आणि 'बंडल', 'टुकार', 'बकवास' हे शब्द सभेत चालणार नाहीत. हा दुसरा नियम गणिताच्या बाईंचा. "बंडल हे उत्तर झालं," त्या म्हणायच्या, "मार्क रीतीला असतात. रीत दाखवा." मग भला माणूस उठून सांगायला लागे, की नायिकेचा भाऊ मध्येच गायब होतो आणि शेवटपर्यंत त्याची कोणी चौकशीसुद्धा करत नाही. बाई मान हलवत, सचिव लिहून घेत.

पहिल्या नियमावर दरवर्षी कोणीतरी कुरकुर करायचंच. एवढं वाईट आहे तर शेवटपर्यंत का सोसायचं? यावर सचिवांकडे एक ठरलेला किस्सा होता आणि तो आम्ही दरवर्षी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत असू. हॉलिवूडच्या सर्वांत वाईट कामाला देतात ते गोल्डन रॅस्पबेरी पुरस्कार १९८१ मध्ये सुरू झाले, तेही जॉन विल्सन नावाच्या गृहस्थाच्या घरच्या बैठकीत. म्हणजे आमच्यासारखंच. पुढे २०१० साली सँड्रा बुलकला तो मिळाला, तेव्हा ती स्वतः तो घ्यायला गेली, आणि जाताना आपल्या त्या चित्रपटाच्या डीव्हीडी छोट्या गाडीत भरून घेऊन गेली. मत देणाऱ्यांनी चित्रपट नीट पाहिला तरी आहे का, असं विचारत तिने त्या वाटल्या. दुसऱ्याच रात्री तिला दुसऱ्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. "तेव्हा आधी बघा, मग बोला," असं म्हणून सचिव चष्मा पुसत आणि सभा सुरू होई.

पहिलं सत्र निराशेचं. त्यात आवाज खालचा असायचा. खरं तर ज्याच्याकडून काही अपेक्षाच नव्हती त्या चित्रपटावर कोणी बोलतच नसे, तो कधीच विसरला गेलेला असायचा. माणसं उठत ती आवडत्या दिग्दर्शकासाठी, तीन वर्षं वाट पाहिलेल्या चित्रपटासाठी. एकदा एका अबोल सभासदाने फक्त एवढंच सांगितलं, की पुस्तक त्याला पाठ होतं, म्हणून चित्रपट बघताना तो पूर्ण वेळ पुढचं वाक्य मनात म्हणत होता, आणि पडद्यावर ते एकदाही आलं नाही. बाईंनी त्याला रीत विचारली नाही.

२०२१ मध्ये 'ड्यून' आला आणि बँकेतल्या काकांनी सभा डोक्यावर घेतली. पोस्टरवर नुसतं 'ड्यून'. आत जाऊन बसल्यावर पडद्यावर अक्षरं येतात, भाग पहिला. "हप्ता आहे हे कर्ज घेताना सांगायला नको?" काका विचारत होते. त्यात प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत दुसऱ्या भागाला स्टुडिओची मंजुरीसुद्धा नव्हती. अमेरिकेत चित्रपट लागल्यावर चारपाच दिवसांनी ती जाहीर झाली, आणि पुढचा हप्ता आला २०२४ च्या मार्चमध्ये. चित्रपट वाईट आहे असं काकांचं म्हणणं मुळीच नव्हतं. उलट तो अर्ध्यावर तुटावा इतका वाईट नव्हता, हीच त्यांची तक्रार होती.

दुसरं सत्र वैतागाचं. इथे हॉलचा आवाज चढायचा, कारण मोबाइलचा उजेड, मागून खुर्चीला बसणारे गुडघे, 'आता बघ काय होतं' असं सांगणारा शेजारी यात सगळेच तज्ज्ञ. उशिरा येणाऱ्यांवर तर एक कायमची शिक्षा सुचवलेली होती. हिचकॉकने १९६० मध्ये 'सायको'च्या वेळी सुरुवात झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही अशी अट चित्रपटगृहांना घातली होती, तीच परत आणावी. हा ठराव दरवर्षी एकमताने मंजूर व्हायचा. तो कोणाला पाठवायचा हे मात्र कधी ठरलं नाही.

ट्रेलरचा विषय निघाला की आमच्यातली एक मुलगी उभी राही. ती ट्रेलर बघायचीच नाही. थिएटरात ट्रेलर लागला की डोळे मिटून, दोन्ही कानांवर हात ठेवून ती स्वतःशीच गुणगुणायची, आणि मग शेजारचे तिच्याबद्दल तक्रार करायचे. अमेरिकेतल्या चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने २०१४ च्या जानेवारीत ट्रेलर दोन मिनिटांच्या आत ठेवा अशी सूचना काढली, हे वाचून दाखवताना तिला केवढा आनंद झाला होता. सक्तीची नव्हती, सूचनाच होती. "दोन मिनिटांतही खुनी कोण ते सांगता येतं," असं मागून कोणीतरी म्हणालं आणि ती खाली बसली.

पण दुसऱ्या सत्राचे खरे मानकरी म्हणजे आमचे ऑपरेटरकाका. त्यांनी आयुष्यभर प्रोजेक्शनच्या केबिनमध्ये रिळं चढवली, आणि डिजिटल आल्यावरही ते उत्सुकतेने सगळं शिकून घेत राहिले. एका वर्षी कॉलेजातला एक मुलगा तावातावाने बोलत होता. अख्खा चित्रपट काळोखात, चेहरे दिसत नाहीत, दिग्दर्शकाला दिवसा शूटिंग करायला काय होतं? काकांनी त्याला मध्येच थांबवलं.

"मान वळवून मागच्या झरोक्याकडे बघितलंस का रे?"

"बघितलं, काका. कंटाळून सगळीकडेच बघत होतो."

"उजेडाचे झोत किती होते? एक की एकावर एक दोन?"

मुलाने आठवलं. "दोन असावेत."

"आणि थ्रीडीचे चष्मे दिले होते?"

"नाही."

"मग दिग्दर्शकाला सोड."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. काही डिजिटल प्रोजेक्टरांना थ्रीडीसाठी वेगळी भिंग लावतात, त्यात प्रकाश दोन झोतांत विभागून फिल्टरांतून जातो. साध्या खेळाच्या वेळी ती उतरवायची असते. ती उतरवायची कोणी तसदी घेतली नाही, तर साधा चित्रपटही त्याच फिल्टरांतून गाळून पडद्यावर येतो. साध्या चित्रपटासाठी पडद्यावरच्या उजेडाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट (हे उजेड मोजायचं माप) ठरलेलं आहे; थ्रीडीत साडेचारच्या आसपास मिळाले तरी भागवून घेतात. आवाजाचंही तेच. प्रोसेसरच्या बटणावर ७ हा आकडा म्हणजे स्टुडिओत मिश्रण करताना ऐकला तो आवाज. जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात म्हणून लोक ओरडतात, मग मॅनेजर ते ५ वर आणतो, आणि मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर ते तिथेच राहतं. घरी येऊन आपण म्हणतो, नट पुटपुटत बोलतो. त्या दिवसापासून सभेतला प्रत्येक जण थिएटरात बसल्या बसल्या आधी मान वळवून मागे बघायला लागला. अजूनही बघतो, मीसुद्धा.

२०२० ची सभा सगळ्यांनी आपापल्या घरातून, छोट्या छोट्या चौकटींत बसून केली. वैतागाच्या सत्रात प्रथमच कोणाला काही सुचेना. थिएटरं महिनोन् महिने बंद, मग उशिरा येणारा कोण आणि मोबाइल काढणारा कोण? शेवटी आमच्या मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद, सगळ्यांच्या मावशी, म्हणाल्या, "मी नातवाला सोफ्याच्या मागे बसवलं आणि सांगितलं, मार लाथा. त्याशिवाय चित्रपट बघितल्यासारखं वाटेना." त्या वर्षी ऑपरेटरकाकांनी घरच्या टीव्हीकडे मोर्चा वळवला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. नवे टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसडून हालचाल गुळगुळीत करतात, आणि भव्य चित्रपट मालिकेच्या भागासारखा दिसायला लागतो. टॉम क्रूझने २०१८ च्या डिसेंबरात याच विषयावर खास व्हिडिओ काढून लोकांना ती सोय बंद करायला सांगितलं होतं. काकांनी तेच काम आमच्यासाठी केलं. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलेलं, त्यामुळे उरलेला वेळ सगळे रिमोट हातात धरून मेनू शोधत बसले होते आणि काका एकेकाला 'खाली, अजून खाली' सांगत होते.

२०२२ ची सभा गाजली ती न पाहिलेल्या चित्रपटावरून. 'बॅटगर्ल' चित्रीत होऊन संकलनाच्या टप्प्यावर होता. ऑगस्टमध्ये स्टुडिओने जाहीर केलं की तो थिएटरात येणार नाही आणि ओटीटीवरही नाही. करसवलतीचा हिशेब त्यामागे आहे असं तेव्हा छापून आलं होतं. ट्रेलर न बघणारी ती मुलगी उठली आणि म्हणाली, माझी यंदाची निराशा हीच. सचिवांनी पहिल्या नियमावर बोट ठेवलं. पूर्ण पाहिलेला नाही. ती म्हणाली, पाहूच देत नाहीत, तर मी काय करू? बँकेतले काका तिच्या बाजूने उभे राहिले, ऑपरेटरकाका म्हणाले की लोकांनी एवढी मेहनत करून बनवलेलं रीळ डब्यात बंद ठेवणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा, सचिव म्हणाले की आज सूट दिली तर उद्या सगळेच ट्रेलर बघून तक्रारी करतील. अर्धी सभा यातच गेली. अखेर गणिताच्या बाईंना विचारलं.

बाईंनी बराच वेळ विचार केला. निराशेत घेता येणार नाही, कारण चित्रपट चांगला की वाईट हे सिद्ध करायला काहीच हाताशी नाही. पण वैताग मात्र शंभर टक्के आहे, तेव्हा दुसऱ्या सत्रात घ्या. मुलीला ते मान्य नव्हतं, तिला निराशाच नोंदवायची होती. सचिवांनी दोघींचं म्हणणं इतिवृत्तात उतरवून घेतलं आणि पुढच्या रकान्यात 'प्रलंबित' असं लिहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक सभेत मागील इतिवृत्त वाचताना तो विषय येतो, सचिव मान वर करून तिच्याकडे बघतात, ती मान हलवून नाही म्हणते, आणि तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो.