नेढं

सुईत दोरा ओवताना मी डावा डोळा मिटते. आई मिटायची, म्हणून मीही मिटत असेन. गेल्या आषाढात साडीला फॉल लावायला बसले आणि नेमकं उजव्या डोळ्यात चिलट गेलं. चोळून चोळून पाण्याची धार लागली. म्हटलं, आज डाव्याला कामाला लावू. उजवा मिटला आणि सुईचं नेढं गायब. नेढं कसलं, सुईच गायब! राजगडाचं नेढं समोर आणून ठेवलं असतं तरी दोरा बाहेरच गेला असता. मांडीवरची जांभळी साडी, समोरची खिडकी, सगळं दुधाचं पातेलं विसळलेल्या पाण्यातून बघावं तसं दिसत होतं.

पहिला संशय अर्थातच चष्म्यावर. पदराने पुसला, मग नळाखाली धरला. डावी काच उजव्या डोळ्यासमोर धरून पाहिली, तर तिच्यातून स्वच्छ दिसलं. पापण्यांची उघडझाप करून पाहिली. डोळे कोरडे पडले की दिसणं धूसर होतं, पण पापण्या लवल्या की ते जरा निवळतं. हे धुकं मात्र ढिम्म.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता. टाळूवर तेल थाप." नवऱ्याने विचारलं, "बीपीची गोळी घेतेस ना रोज?" प्रश्न ऐकून चिडले होते, पण तो बरोबर होता, हे नंतर कळलं. लेकीने तर मोबाइलवरच बोट ठेवलं. ती रात्री अंधारात कुशीवर पडून, एक डोळा उशीत खुपसून मोबाइल बघते. एकदा अंधारात मोबाइल बंद केल्याबरोबर तिला एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, आणि ती रडकुंडीला येईपर्यंत परत दिसायलाही लागलं. थट्टा वाटेल, पण इंग्लंडमधल्या दोन बायकांची अशीच हकिकत 2016 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आली होती. एक डोळा उजेडाला सरावलेला, दुसरा अंधाराला, एवढंच कारण. पण ते काही मिनिटांत ओसरतं. माझं चिलट निघून गेलं, साडीचा फॉल लेकीने लावून झाला, तरी धुकं होतंच.

मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. हे आहे कधीपासून? कोण सांगणार! उजवा डोळा गुपचूप दोघांची हजेरी लावत होता. मग एकेक आठवायला लागलं. चहा कपाऐवजी बशीत ओतला जायचा आणि मी किटलीच्या तोटीला शिव्या घालायची. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे भुईचक्रासारखे फुटायचे आणि मी हल्लीच्या दिव्यांना नावं ठेवायची.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांच्या आधी मलाच तपासलं. अचानक झालं की हळूहळू? दुखतं का? डोळा फिरवताना कळ येते? लाल रंग एका डोळ्याला फिका दिसतो? सरळ रेघा वाकड्या दिसतात? मग बीपी, साखर, दमा-संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या. प्रत्येक प्रश्नामागे एकेक दुखणं दबा धरून होतं. रंग फिका आणि कळ म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, वाकड्या रेघा म्हणजे पडद्याच्या मध्यभागी बिघाड, कधी त्याच्याखाली साठलेलं पाणी. बीपीने पडद्याची शीर तुंबते, मधुमेहात आत रक्तही उतरतं. "आणि हे बघा," त्या म्हणाल्या, "एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं, ठिणग्या चमकल्या किंवा काळा पडदा सरकत आला, तर त्याच दिवशी यायचं. तेल थापत बसायचं नाही." तेलाचं त्यांना कसं कळलं, देव जाणे. माझ्या केसांवरून असेल.

मग पाटीवरची अक्षरं. उजवा 6/6, डावा 6/18, म्हणजे चांगला डोळा 18 मीटरवरून जे वाचेल, ते वाचायला याला 6 मीटरवर जावं लागतं. बारीक भोकांची काळी चकती डोळ्यासमोर धरून पाहिली. नुसता नंबर वाढला असेल तर त्या भोकातून बरंच साफ दिसतं. मला नाही दिसलं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसले. शेवटी यंत्रावर हनुवटी टेकवली.

"लहानपणी डोळ्याला मार लागला होता?"

मी नाही म्हणणार होते. त्यांनी फोटो दाखवला. भिंगाच्या मागच्या बाजूला फिकट पाकळ्या उमललेल्या. आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते निराळं, तो बुबुळावरचा पांढरा डाग. हा मोतीबिंदू. वयाचा असता तर उजव्याही डोळ्यात थोडाफार सापडला असता. मार लागून होणारा कधी कधी असा फुलासारखा दिसतो आणि वर्षानुवर्षं मुकाट बसून राहतो. मारानेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण मला एकदम विटी दिसली. साताऱ्याचं अंगण, दादाने मारलेला टोला, आणि "दाराची कडी लागली म्हणून सांग" यासाठी मिळालेल्या लिमलेटच्या चार गोळ्या.

घरी येताना रिक्षातूनच दादाला फोन लावला. "दादा, माझ्या डोळ्याला विटी लागली होती, आठवतंय?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "तू आईला सांगितलंस?"

आईला जाऊन नऊ वर्षं झाली.