घोरण्यावरचं अप्लायन्स आणि एका चिठ्ठीचे तीन आठवडे

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत माझे सगळे मिळून पाच तासही गेले नसतील. तीन आठवडे गेले ते एका चिठ्ठीत. स्लीप अ‍ॅप्नियासाठी म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या त्रासासाठी, दातांवर बसणारं अप्लायन्स करून घ्यायचं मनात असेल, तर आधी त्या चिठ्ठीचं वाचा. बाकीचं सगळं सोपं आहे.

घोरणं, दिवसा पेंग, सकाळी डोकं जड. स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली श्वासाची तपासणी, झाली आणि एएचआय आला 19, म्हणजे झोपेच्या तासाला सरासरी 19 वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅपचं मशीन दोन महिने लावून बघितलं, मास्क जमला नाही. सौम्य आणि मध्यम त्रासात, किंवा सीपॅप सोसत नसेल तर, दंतवैद्याचं अप्लायन्स हा मान्य उपाय आहे. विश्रामबागेतल्या दंतवैद्य मॅडमनी तोंड तपासलं, होईल म्हणाल्या, आणि दोन कागद मागितले: स्लीप स्टडीचा पूर्ण रिपोर्ट आणि फिजिशियनची चिठ्ठी. तिथंच गाडी अडली.

हॉस्पिटलनं मला दिलेला 'रिपोर्ट' एक पानाचा होता. 'मध्यम ओएसए (म्हणजे घसा मिटून होणारा त्रास), सीपॅप सुरू करावा', खाली सही. मॅडमना हवं होतं ते यात नव्हतं: पाठीवर झोपल्यावर एएचआय किती, कुशीवर किती, ऑक्सिजन कुठवर उतरला, आणि थांबलेल्या श्वासांपैकी किती घसा मिटल्यामुळं, किती मेंदूकडून हुकूमच न आल्यामुळं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सेंट्रल अ‍ॅप्नियात, जबडा कितीही पुढं ओढला तरी उपयोग नाही. म्हणून दंतवैद्य संशय घेऊ शकतो, प्रश्नावली भरून घेऊ शकतो, पण निदान फिजिशियनचंच लागतं. मॅडम अडून बसल्या त्याचा तेव्हा राग आला. त्यांचंच बरोबर होतं.

मी परत काउंटरवर. "काका, रिपोर्ट दिलाय की." पूर्ण रिपोर्ट हवा म्हटल्यावर कळलं, तपासणी करणारा टेक्निशियन बाहेरच्या एजन्सीचा, गुरुवारीच येतो. गुरुवारी गेलो तर तो येऊन गेलेला. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊलाच जाऊन बसलो. त्यानं लॅपटॉप उघडला आणि सहा पानांची पीडीएफ दोन मिनिटांत मोबाईलवर पाठवली. दोन मिनिटं! त्यात पाठीवरचा एएचआय 31, कुशीवर 8, ऑक्सिजन सगळ्यात कमी 82 टक्के, आणि सगळे श्वास घसा मिटून थांबलेले. पाठीवर वाढणारा त्रास अप्लायन्सला बऱ्यापैकी दाद देतो, म्हणजे माझ्या सोयीची गोष्ट त्या न दिलेल्या पाच पानांत पडून होती.

मग चिठ्ठी. फिजिशियन म्हणाले, दाताचं आहे, ते दाताच्या डॉक्टरांनीच लिहावं. मॅडम म्हणाल्या, आजार झोपेचा आहे, लिहायचं त्यांनी. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मधे मी, हातात केसपेपर. शेवटी मॅडमना विचारून मजकूर मीच कागदावर लिहून नेला: 'रुग्णास मध्यम स्वरूपाचा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया आहे, एएचआय 19. सीपॅप सहन झाला नाही. खालचा जबडा पुढं ठेवणारं, मापाचं, अ‍ॅडजस्ट होणारं अप्लायन्स द्यावं. अ‍ॅडजस्टमेंट संपल्यावर पुन्हा तपासणीसाठी पाठवावं.' डॉक्टरांनी वाचलं, लेटरहेडवर टाइप करून घेतलं, सही केली. डॉक्टरांना हे चार वाक्यांचं काम कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तुम्ही स्लीप स्टडीच्या दिवशीच 'पूर्ण रिपोर्ट हवा' असं फॉर्मवर लिहा आणि हा मजकूर खिशात ठेवा.

अप्लायन्स म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन ट्रे, बाजूला स्क्रूनं जोडलेले. जीभ आतून हनुवटीच्या हाडाला धरलेली असते. खालचा जबडा पुढं आला की जीभही पुढं येते, घशाच्या भिंती ताणल्या जातात आणि झोपेत घसा मिटत नाही. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात मऊ करून चावायचे ट्रे स्वस्त आहेत, पण रात्रीत सुटतात आणि जबडा किती पुढं न्यायचा याचा ताबा राहत नाही. पैसे वाया.

मापापूर्वी एक राहिलं: किडलेले दात, रूट कॅनाल, कॅप, स्केलिंग, सगळं आधी उरका. ट्रे दाताच्या आकारावर घट्ट बसतो. नंतर कॅप बदलली तर तो बसत नाही. वर-खाली प्रत्येकी आठ-दहा तरी मजबूत दात लागतात, हिरड्या धड लागतात, आणि जबड्याचा सांधा दुखता नको. नाक चोंदत असेल तर आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

सगळ्या कामातला कळीचा भाग बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याचं माप, घेण्याचा. समोरच्या दातांत मिलिमीटरच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पट्टी धरतात. जबडा पूर्ण मागं घ्यायचा, मग जाईल तितका पुढं. माझा आकडा मागं उणे 3, पुढं अधिक 7, म्हणजे एकूण 10 मिलिमीटर. सुरुवात त्याच्या 60 टक्क्यांवर, म्हणजे पूर्ण मागून 6 मिलिमीटर पुढं, अधिक 3 वर. पट्टी तिथं पक्की करून दातांमधे मटेरियल सोडतात, ते घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. इथं लाजून जबडा कमी पुढं काढलात तर पुढचं सगळं गणित चुकतं. आदल्या दिवशी आरशासमोर सराव करा, घरचे हसले तरी.

ट्रे लॅबमधून दोन आठवड्यांनी आले. मग घरी स्क्रू फिरवायचा: माझ्या ट्रेत एका वळणाला पाव मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सारखं, आठवड्यातून दोनदा. चार आठवड्यांत मी अधिक 5 वर पोचलो. घाई केली की सांधा दुखतो. दुखला तर एक वळण मागं. पहिले आठ-दहा दिवस लाळ गळते, सकाळी दात हुळहुळतात आणि मागचे दात एकमेकांना टेकत नाहीत. त्यासाठी सकाळी दहा-पंधरा मिनिटं बाइट जागेवर आणणारी छोटी पट्टी चावायची. मला कंटाळा येतो, पण टाळली की नाष्ट्याला भाकरी नीट चावत नाही. वर्षानुवर्षांच्या वापरानं बाइट कायमचाही थोडा बदलू शकतो. हे सही करायच्या आधी विचारून घ्या. खर्चात अ‍ॅडजस्टमेंटच्या खेपा धरल्यात का, हेही.

घोरणं थांबलं म्हणून काम झालं असं समजू नका. आवाज गेला तरी श्वास अडकत राहू शकतो. घरच्यांची साक्ष पुरत नाही, अप्लायन्स लावून दुसरी स्लीप स्टडी लागतेच. माझ्या दुसऱ्या तपासणीत एएचआय 6 आला. त्या वेळी फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: सगळी पानं. मिळाली.

ट्रे थंड पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, गरम पाण्यानं आकार बिघडतो. डबीतच ठेवा, घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, त्यांना लाळेचा वास आवडतो. रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली तर घशाचे स्नायू इतके सैलावतात की ट्रेचाही जोर कमी पडतो. पहिल्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा, आणि दाताच्या कुठल्याही कामाला जाताना ट्रे डबीसकट सोबत न्या.