एस्टिमेटेड टॅक्समध्ये एस्टिमेट करावंच लागत नाही

मार्च उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "अगं मला १०९९ आलाय, आता किती टॅक्स भरायचा?" (१०९९ म्हणजे टॅक्स न कापता दिलेल्या कामाच्या पैशांचा फॉर्म.) आणि मग सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणते तीस टक्के बाजूला ठेव, दुसरी म्हणते दर क्वार्टरला भर नाहीतर आयआरएस (इथलं टॅक्स खातं) पेनल्टी लावते, तिसरीचा नवरा म्हणतो एप्रिलमध्ये बघू गं. सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून तर गोंधळ जास्त. मी काही सीपीए (इथला सीए) नाही, मी घरून फोनवर हॉस्पिटलांसाठी मराठी इंटरप्रिटिंग करते, एजन्सी मिनिटांवर पैसे देते आणि त्यातून टॅक्सचा एक सेंटही कापत नाही. नवऱ्याची डब्ल्यू-२ ची, म्हणजे पगारातूनच टॅक्स कापला जातो अशी नोकरी. अशी जोडी असलेल्यांसाठी एस्टिमेटेड टॅक्सबद्दल, म्हणजे कुणी कापत नाही म्हणून आपणच वर्षात चार हप्त्यांनी भरायच्या टॅक्सबद्दल, हे लिहितेय. (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर असली कामं घ्यायच्या आधी वकिलाला विचारा, टॅक्सचा प्रश्न नंतरचा. एच-४ या डिपेंडंट व्हिसावर ईएडी (काम करायचा परवाना) असेल तर चालतं.)

तर आधी झटका कुठे बसतो ते. सगळ्यांना वाटतं की आपण २२ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये आहोत ना, मग २२ टक्के जातील. पण त्याच्याही आधी सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स असतो, १५.३ टक्के. नोकरीत सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा आरोग्य विमा) ७.६५ टक्के पगारातून जातात आणि तेवढेच कंपनी स्वतःच्या खिशातून भरते, इथे कंपनीही आपणच त्यामुळे दोन्ही वाटे आपल्याच गळ्यात. खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर सुटले की हा टॅक्स लागू, मग १०९९ येवो न येवो. २०२५ पर्यंत ६०० डॉलर किंवा जास्त दिले की १०९९-एनईसी द्यावा लागायचा, २०२६ च्या पेमेंटपासून ती मर्यादा २,००० झाली, म्हणजे आता पुष्कळ जणींना फॉर्म येणारच नाही आणि "फॉर्म नाही म्हणजे टॅक्स नाही" ही अफवा ग्रुपवर जोरात फिरणार, बघालच.

समजा हेडसेट, इंटरनेटचा कामापुरता भाग वगैरे खर्च जाऊन २०,००० डॉलर उरले. त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के, म्हणजे २,८२६ डॉलर. यातली अर्धी रक्कम इन्कम टॅक्स काढताना वजा होते, मग बहुतेकांना क्यूबीआयची (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरची) २० टक्क्यांची वजावटही मिळते, ते सगळं जाऊन साधारण १४,८७० उरतात आणि त्यांवर २२ टक्के म्हणजे ३,२७१. दोन्ही मिळून ६,१०० च्या आसपास. म्हणजे तीस टक्केवाली बरोबर बोलत होती, फक्त न्यू जर्सीचा टॅक्स तिने धरला नव्हता. खर्चाच्या बाबतीत एक सांगते, होम ऑफिसची वजावट (सोपी पद्धत वापरली तर स्क्वेअर फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० फूट) फक्त कामासाठीच वापरलेल्या जागेला मिळते. ज्या डायनिंग टेबलावर पोरं होमवर्क करतात आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या जातात ते टेबल चालत नाही.

हा १५.३ टक्के टॅक्स बघून जीव जळतो खरा, पण त्यातले १२.४ टक्के स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटीत जातात. २०२५ मध्ये १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट होतं, वर्षाला जास्तीत जास्त चार, आणि पेन्शनसाठी चाळीस लागतात. इतकी वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसलेल्या बाईला स्वतःचा रेकॉर्ड सुरू होतोय याची किंमत मला तरी वाटते.

आता एस्टिमेटेडवर येऊया. नाव ऐकूनच लोक घाबरतात, वर्षभरात किती कॉल येतील हे मला जानेवारीत कसं कळणार? कळायची गरजच नाही. नियम असा की कापलेला टॅक्स धरूनही वर्षाअखेरीस १,००० डॉलर किंवा जास्त देणं निघत असेल तर पेनल्टीचा प्रश्न येतो, आणि त्यातून सुटायला दोन वाटा आहेत, यंदाच्या एकूण टॅक्सच्या ९० टक्के वेळेत भरा, नाहीतर गेल्या वर्षीच्या एकूण टॅक्सच्या १०० टक्के (गेल्या वर्षी एजीआय, म्हणजे काही ठरावीक वजावटी जाऊन उरलेलं एकूण उत्पन्न, दीड लाख डॉलरच्या वर असेल तर ११० टक्के). दुसरी वाट धरली की अंदाजबिंदाज काही नाही, गेल्या वर्षीचं रिटर्न उघडायचं, टोटल टॅक्सचा आकडा घ्यायचा, नवऱ्याच्या पगारातून कापला जाणारा वजा करायचा, उरलेल्याचे चार भाग. आणि बऱ्याच घरांत नवऱ्याचं विदहोल्डिंगच (पगारातून कापलेला टॅक्स) गेल्या वर्षीच्या आकड्याला पुरतं, मग पेनल्टी शून्य. अर्थात एप्रिलमध्ये टॅक्स भरायचा असतोच, तेवढे पैसे शिल्लक ठेवायचे. मी पेमेंट जमा झालं की त्याच दिवशी वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाकते.

तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. याला क्वार्टरली कोण म्हणतं देव जाणे, एप्रिल आणि जूनमध्ये दोनच महिने आणि सप्टेंबरनंतर चार. आणि पेनल्टी म्हणजे तरी काय, ते खरं तर व्याज आहे, २०२५ मध्ये वर्षाला ७ टक्के. ६,००० डॉलरचं देणं असून चारही हप्ते चुकवले तर साधारण अडीचशे डॉलर होतात. वाईट, पण झोप उडवायच्या लायकीचं नाही.

आणि ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट. हप्ता उशिरा भरला तर तो उशिराच धरतात, पण पगारातून कापलेला टॅक्स वर्षभर सारखा कापला असंच मानतात, मग तो डिसेंबरच्या पगारातून का कापलेला असेना! जॉइंट रिटर्न असेल तर नवऱ्याच्या एचआर पोर्टलवर डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगायचा फॉर्म) मधल्या ४(सी) मध्ये दर पगाराला जास्तीचे किती कापायचे ते लिहायचं, झालं, चार तारखा लक्षात ठेवायची भानगड नाही. ऑक्टोबरमध्ये जरी कळलं की यंदा कमाई जास्त झालीये तरी उरलेल्या पगारांतून भरपाई होते. नवरे कुरकुरतात, पगार कमी दिसतो म्हणून. कुरकुरू देत, तेवढे त्याच्या खात्यात टाका.

ज्यांची कमाई एकाच मोसमात होते त्यांचं जरा वेगळं. माझी एक मैत्रीण घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, तिचे जवळजवळ सगळे पैसे सप्टेंबर ते डिसेंबरमध्येच येतात, तिने एप्रिलमध्ये कुठल्या चकल्यांवर टॅक्स भरायचा? तिच्यासाठी फॉर्म २२१० मध्ये शेड्यूल एआय आहे, कमाई ज्या काळात झाली त्या काळात धरता येते आणि मोठा हप्ता जानेवारीत जातो. फॉर्म मात्र किचकट आहे, सॉफ्टवेअरलाच भरू द्या.

पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एफडीचं व्याजही याच हिशोबात येतं बरं का. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत नाही, आणि त्यावर इथे कुणी काही कापत नाही. १५.३ टक्केवाला टॅक्स मात्र त्याला लागत नाही.

भरायला आयआरएसचं डायरेक्ट पे सगळ्यात सोपं, फी नाही, बँक खात्यातून थेट जातात. कारणात एस्टिमेटेड टॅक्स, फॉर्म १०४०-ईएस. फक्त जानेवारीत भरताना वर्षाच्या यादीत मागचंच वर्ष निवडायचं, जानेवारी २०२६ चा हप्ता २०२५ चा असतो. नाहीतर पैसे भलत्याच वर्षात जमा होतात आणि मग फोन लावून बसा. न्यू जर्सीचं वेगळं, त्यांच्या साईटवर एनजे-१०४०-ईएस, आणि तिथे मर्यादा १,००० नाही, ४०० डॉलर आहे.