चांगदेवच्या काठावर शेकाटे आणि टिलवे

जळगाव जिल्ह्यातलं तापीवरचं हतनूर म्हटलं की सगळे धरणाची भिंत गाठतात. तिथून बदकं दिसतात, पण चिखलातले पक्षी कॅमेऱ्यात टिपायचे तर धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा, फुगवट्याचा काठ हवा. म्हणून भुसावळहून भल्या पहाटे निघून आम्ही तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवला उतरलो. थंडी अशी की शटरवरचं बोट आखडलेलं.

पाणी उतरलं की काठाला ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते; पक्षी तिथेच. पट्टीकडे निघालो तर जाळं आवरणारे एक काका म्हणाले, "पुढे गारा हाये, भाऊ." गारा म्हणजे पाय रुतणारा चिखल. ऐकलं आणि घट्ट वाळूवर पालथे पडलो. लेन्स पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला आली की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी सुटा उठून दिसतो.

जागा ठरवताना मी उन्हाइतकाच वारा बघतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात आणि उडतातही तसेच. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असले तर शेकाटे लांब गुलाबी पाय खाली सोडत थेट तुमच्याकडे येतात. वारा समोरून असेल तर नुसत्या शेपट्या मिळतील.

कंठेरी चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. फोटो त्या थबकण्यात. टिलवा हा चिमुकला चिखलपक्षी; त्याची चोच मात्र शिवणयंत्रासारखी अखंड चालू, तिथे सलग फोटो काढत राहणं एवढाच उपाय. सगळ्यात बहार आंघोळीची. डुबक्या संपल्या की पक्षी जागच्या जागी उडी मारून पंख झटकतो. तो डुबकी मारायला लागला की बाकी सगळं सोडून त्याच्यावरच फोकस धरून ठेवा. शटर १/२००० किंवा त्याहून जलद, फोकस सतत मागोवा घेणारा. शेकाट्याचं पांढरं पोट उन्हात फोटोत जळतं, पिसं दिसतच नाहीत, तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी ठेवा.

पक्ष्यामागे सरपटत जाऊ नका. तो काठाकाठाने ज्या दिशेला चरतोय तिकडे लांबून वळसा घालून आधीच पडून राहा, तो आपसूक जवळ येतो. दहानंतर चिखलावरची हवा थरथरते, मग कितीही महागडी लेन्स असली तरी पिसं पिठूळ येतात. तेव्हा सामान आवरून भरीत आणि कळण्याची भाकरी शोधावी.

जवळच वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी, म्हणजे दारूगोळ्याचा कारखाना आहे, ड्रोन घरीच ठेवा. मार्चनंतर गेलात तर रेताड बेटांवर पाय ठेवू नका: टिटव्या आणि नदी सुरय उघड्यावरच अंडी घालतात, आणि ती खड्यांत दिसत नाहीत.