घोळणा फुटणारं घर

कान-नाक-घशाच्या ओपीडीत घोळणा फुटलेला पेशंट म्हणजे रोजचंच काम. नाक चिमटीत धरा, पुढे वाका, नाहीच थांबलं तर नाकात पॅक घाला नाहीतर कॉटरी करा, म्हणजे फुटलेली रक्तवाहिनी जाळून बंद करा, की पुढचा नंबर. या मावशींना मी आधी दोनदा बघितलं होतं आणि दोन्ही वेळा फक्त नाकच बघितलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा हिमोग्लोबिन ६.२, चेहरा पांढराफटक. सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा, तो धापा टाकत होता पण लिफ्ट बंद होती आणि सगळेच जिना चढून धापा टाकत येत होते त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही. पॅक घालताना माझा हेडलाइट जरा खाली सरकला आणि मावशींच्या ओठावर लाल ठिपके दिसले, टाचणीच्या डोक्याएवढे, चार-पाच. जीभ बाहेर काढायला लावली तर तिथेही. बोटांच्या टोकांवरही! काचेची स्लाइड ठेवून दाबलं की ठिपका फिका, उचलली की परत लाल.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"अहो डॉक्टर, तो आमच्या घरचा शिक्काच आहे," पॅकमुळे गेंगाण्या आवाजात त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांना होते, भावाला होते. घोळणा पण सगळ्यांचाच फुटायचा."

होते? भाऊ आता कुठे असतो विचारलं तर म्हणाल्या चौतिसाव्या वर्षीच गेला, दाढ काढली होती आणि नंतर काही आठवड्यांत मेंदूत पू झाला. घरात अजूनही सगळे त्या दाढ काढणाऱ्या डॉक्टरला शिव्या देतात म्हणे.

हे ऐकल्यावर माझा हात थांबला. एचएचटी, म्हणजे ओस्लर-वेबर-रेन्डू, रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार. शिकताना परीक्षेपुरतं पाठ केलेलं. साधारण पाच हजारांत एकाला असतो, म्हणजे अगदी दुर्मिळातला दुर्मिळ पण नाही, आपल्याच डोळ्यांसमोरून जात असतो. २००० साली छापलेले क्युरासाओ निकष आहेत चार: वारंवार घोळणा, ठराविक जागी असे ठिपके, फुफ्फुस-लिव्हर-मेंदूसारख्या अवयवात रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी, आणि आईवडील, भावंड किंवा मुलांपैकी कुणाला तरी हाच आजार. तीन जुळले की निदान पक्कं. मावशींचे तीन मी खुर्चीत बसल्या बसल्याच मोजले, चौथ्यासाठी स्कॅन लागणार होता. त्यांना अ‍ॅडमिट करून रक्त चढवायची सोय केली आणि मग, खरंतर खूप उशिरा, मुलाकडे बघितलं.

ठिपके नव्हतेच जवळजवळ, ओठाच्या आत एक असेल. घोळणा "कधीतरीच". पण बोटांची टोकं फुगलेली, नखं घड्याळाच्या काचेसारखी बाहेर आलेली. ऑक्सिमीटर लावला, रक्तातला ऑक्सिजन ८९ टक्के. मला वाटलं प्रोब खराब असेल, दुसरा आणला, तोच आकडा. त्याला टेबलावर आडवं केलं तर ९४, उठवून बसवलं की परत खाली. आडवं झाल्यावर बरं वाटणारा दम! उभं किंवा बसलेलं असताना रक्त फुफ्फुसाच्या खालच्या भागात जास्त जातं, आणि चुकीच्या जोडण्या बहुतेक तिथेच असतात.

बबल इको केला, म्हणजे बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी. शिरेत फेसाळलेलं सलाइन सोडतात, त्याचे बुडबुडे फुफ्फुसात अडकायला हवेत. याचे चार-पाच ठोक्यांनंतर हृदयाच्या डाव्या बाजूला हजर. सीटीमधे दोन जागा दिसल्या, मोठ्या, धमनी थेट शिरेत घुसलेली. म्हणजे फुफ्फुसाची गाळणी दोन ठिकाणी फाटलेली, रक्ताची गाठ असो, जंतू असो, सरळ मेंदूकडे. तेव्हा तो सहज म्हणाला, डॉक्टर, पुढच्या आठवड्यात माझी अक्कलदाढ काढायची आहे, ती काढू ना? माझ्या पोटात गोळाच आला. मामाचं काय झालं असेल ते आता सिद्ध करायला काहीच शिल्लक नाही, पण अंदाज यायला वेळ लागला नाही.

पुढचं काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीवाल्यांचं, त्यांनी जांघेतून नळी घालून दोन्ही जोडण्या कॉइल, म्हणजे तारेची बारीक वेटोळी, टाकून बंद केल्या. दाढ नंतर निघाली, आधी अँटिबायोटिक देऊन, आणि सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ देऊ नका असं मी केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं होतं.

जीन टेस्टमधे ईएनजी या जीनमधे दोष निघाला. हा जीन १९९४ मधे सापडलाय. त्यातून एंडोग्लिन नावाचं प्रोटीन बनतं, ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर बसतं. मावशींना मी असं सांगितलं की नवीन रक्तवाहिनी फुटायला जसा एक निरोप लागतो तसा "आता पुरे, पक्की हो" हाही लागतो, आणि तो ऐकायचा कान म्हणजे एंडोग्लिन. दोनपैकी एक कॉपी बिघडली की प्रोटीन निम्मंच, मग काही ठिकाणी मधली बारीक जाळी बनतच नाही, धमनीचा जोर थेट पातळ शिरेवर येतो. नाकात फुटली तर घोळणा, ओठावर दिसली तर घरचा शिक्का, फुफ्फुसात झाली तर कुणालाच दिसत नाही. त्या म्हणाल्या, मग माझंच रक्त जास्त वाहतं आणि धोका याला जास्त, हा कुठला न्याय? याला उत्तर नव्हतं माझ्याकडे, एकाच घरात एकच बिघाड प्रत्येकात वेगळा दिसतो एवढंच म्हणाले.

प्रत्येक मुलाला हा दोष यायची शक्यता निम्मी. धाकटी मुलगी निगेटिव्ह आली, तर ती हिरमुसली, म्हणाली म्हणजे मी एकटीच वेगळी का? आम्ही सगळेच हसलो.

राहिली मामाची दोन मुलं. मावशींचं त्या घराशी बोलणं नाही, भावजय फोन उचलत नाही. कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल अशी एक पानाची चिठ्ठी मी त्यांना लिहून दिली, जीनमधला नेमका बदल, कुठल्या टेस्ट करायच्या, सगळं. दोन महिन्यांनी फॉलोअपला आल्या तर चिठ्ठी तशीच पर्समधे, घडी पण मोडलेली नाही. मुलाने ती काढून घेतली, फोटो काढला आणि म्हणाला मीच जातो, माझ्या ओठातला तो एक ठिपका बघून तरी ते दार उघडतील.