थॅडियस स्टीव्हन्स नावाचा खवट म्हातारा

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आपण लिंकनचं नाव घेतो आणि पुढे सरकतो, पण संसदेत बसून ज्याने हा विषय रेटला तो पेन्सिल्व्हेनियाचा थॅडियस स्टीव्हन्स आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. जन्म १७९२, व्हरमाँटचा, एक पाय जन्मापासून वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईने राबून शिकवलं. मग गेटिसबर्गला वकिली.

आणि हाच माणूस १८२१ मध्ये एका गुलाममालकाचा वकील होता बरं का, केस जिंकला आणि चॅरिटी बटलर नावाची बाई परत गुलामीत गेली. हे वाचून मी जरा थांबलोच. पुढे पळून आलेल्या गुलामांच्या केसेस त्याने लढवल्या, पण म्हणून ती केस पुसली जात नाही.

१८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात फुकट सरकारी शाळांचा कायदा रद्द करायचं चाललं होतं, ह्याने असं भाषण ठोकलं की कायदा वाचला. नंतर वॉशिंग्टन, गुलामगिरीवाल्या दक्षिणेने बंड केलं त्या यादवी युद्धात पैशांचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष, जीभ एकदम तिखट. १८६३ मध्ये गेटिसबर्गकडे निघालेल्या दक्षिणेच्या फौजेने ह्याचा लोखंडाचा कारखाना मुद्दाम जाळला.

युद्धानंतर त्याचं म्हणणं होतं की नुसतं मुक्त करून काय होणार, बड्या बंडखोर मालकांच्या जमिनी काढून घ्या आणि सुटलेल्या माणसांना चाळीस-चाळीस एकर द्या. स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाने साथ दिली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली, जमीन नाही म्हणजे परत त्याच मालकाच्या शेतात राबायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सुटलेल्या गुलामांना नागरिक ठरवणारी १८६६ ची चौदावी घटनादुरुस्तीसुद्धा त्याला अपुरीच वाटत होती, तरी मत दिलं, का तर म्हणे मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. (जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली त्यांत हा म्हातारा मी तरी धरतो.)

१८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग आला, तो रेटणाऱ्यांत हाही होता, पण तब्येत इतकी ढासळलेली की ह्याला खुर्चीत बसवून उचलून आणायचे, आणि जॉन्सन एका मताने सुटला. त्याच ऑगस्टमध्ये स्टीव्हन्स गेला. लँकेस्टरमध्ये ज्या दफनभूमीत काळ्यांना मनाई नव्हती तीच त्याने स्वतःसाठी निवडली होती, तसं थडग्यावर कोरूनही ठेवलंय. आणि पक्षवाल्यांनी त्या वर्षीची संसदेची उमेदवारी तरीही त्यालाच दिली, माणूस मेलाय हे माहीत असून.