साडेसातनंतरचा फ्लोट

मार्च 2024. मोहोळ तालुक्यात उपसा सिंचनाच्या पाइपलाइनची आखणी चालू होती. दुपारी सोलापूरच्या उन्हात पोल हातात धरवत नाही, म्हणून काम उन्हं उतरल्यावर घेतलं. शाळेजवळच्या पक्क्या पॉइंटवर बेस, म्हणजे जीपीएसचं एका जागी बसणारं यंत्र, लावला आणि रोव्हर, म्हणजे पोलवरचं फिरतं यंत्र, घेऊन मी आणि मदतनीस पोरगा बांधाबांधाने निघालो. सातपर्यंत झकास चाललं. फिक्स, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत भरवशाची जागा, पक्का; उंचीतला फरक दोन सेंटिमीटरच्या आत. पाइपलाइनला उंचीच महत्त्वाची. पाणी कागदावरच्या रेषेकडे बघून वाहत नाही.

साडेसातनंतर कंट्रोलरवर फिक्सचं फ्लोट झालं, म्हणजे जागेचा नुसता ढोबळ अंदाज. मग परत फिक्स, परत फ्लोट. पोरगा म्हणाला, "साहेब, मशीन येडं झालंय की ओ!" बॅटरी बदलली, अँटेनाची केबल तपासली. त्याला पळत बेसकडे पाठवलं. ट्रायपॉड जागच्या जागी, पातळीचा बबल मधोमध. विक्रेत्याच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणे, "ड्युअल फ्रिक्वेन्सी मशीन आहे सर, आयनोस्फिअरचा प्रश्नच येत नाही."

हे अर्धंच खरं. आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा, विजेचा भार असलेला भाग. त्याच्यामुळे उपग्रहाच्या सिग्नलला होणारा उशीर फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, त्यामुळे दोन फ्रिक्वेन्सी असल्या की तो हिशोबातून काढता येतो. पण सिग्नलच तुटायला लागला तर कशातून काय काढणार?

तो तुटतच होता. कंट्रोलरवर उपग्रहांच्या सिग्नलच्या ताकदीचं पान उघडलं. उत्तरेकडचे उपग्रह शांत. दक्षिणेकडच्या तिघा-चौघांचे आकडे मात्र नाचत होते: 45 वरून 25, लगेच 40, परत खाली. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट फरक. झाड नाही, विजेची तार नाही, मोकळं रान. दोन फ्रिक्वेन्सींपैकी एल-2 आधी सुटत होता, मागोमाग एल-1.

फ्लोट झाला तर मशीन निदान कबूल तरी करतं. घात करतो तो खोटा फिक्स. संध्याकाळीच मोजलेल्या एका खिळ्यावर मी पोल परत उभा केला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात फिक्स, आणि उंची 41 सेंटिमीटरने वेगळी! तिथेच काम थांबवलं.

ज्यांच्या शेतातून लाइन जाणार होती ते आबा कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले. आकाशाकडे बघून म्हणाले, "ढग न्हाई, काय न्हाई, मग रेंज कशी गेली?" ढगांचा संबंध नव्हताच. गडबड त्यांच्या कितीतरी वर, तीनेकशे किलोमीटरवर होती.

सूर्य मावळला की आयनोस्फिअरचे खालचे थर झपाट्याने विरतात. वरचा एफ थर दाट राहतो, शिवाय चुंबकीय विषुववृत्ताजवळ संध्याकाळच्या विद्युतक्षेत्राने आणखी वर उचलला जातो. तेलावर पाणी ओतल्यासारखी ती अवस्था. मग विरळ प्लाझ्माचे, म्हणजे विजेचा भार असलेल्या वायूचे, बुडबुडे खालून वर घुसतात आणि चुंबकीय रेषा धरून उत्तर-दक्षिण लांबवर पसरतात. चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे पार दक्षिणेतून जातं. 1963 मध्ये पहिलं रॉकेट जिथून उडालं ते केरळातलं थुंबा निवडलं ते याचमुळे. पण बुडबुडा पुरेसा उंच गेला की त्याची टोकं आपल्या डोक्यावर येतात. कोल्हापुरातल्या कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशातल्या 630 नॅनोमीटरच्या मंद लाल प्रकाशात असे काळे पट्टे पूर्वेकडे सरकताना टिपलेत. त्यांच्या काठावरच्या खडबडीत प्लाझ्मातून सिग्नल आला की तो विखुरतो आणि लुकलुकतो. याला सिंटिलेशन म्हणतात.

कंत्राटदाराच्या इंजिनिअरला मी रॉ डेटा दाखवला. तो म्हणाला, "सौरवादळ होतं म्हणा की." नव्हतं. लडाखात हानलेला आकाश लाल झालं ते वादळ पुढे मे महिन्यातलं. बुडबुड्यांना वादळ लागत नाही. सूर्याचा जोर वाढलेली वर्षं आणि मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरची संध्याकाळ एवढं त्यांना पुरतं. मोबाइलच्या नकाशावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोन-चार मीटर इकडेतिकडे झाले तरी घर सापडतंच.

"मग विमानं कशी उतरतात?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला होता. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने गगन, म्हणजे विमानांसाठी जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा, उभारताना आयनोस्फिअरचा हाच त्रास सर्वांत जास्त निस्तरला. आपल्या भागासाठी वेगळं मॉडेल बसवावं लागलं. 2015 मध्ये प्रमाणपत्र मिळालं ते उंचीचं मार्गदर्शन देणाऱ्या उतरणीसाठी. आणि भरवसा कमी झाला की गगन तसं वैमानिकाला सांगतं. माझ्या रोव्हरने 41 सेंटिमीटर चुकवून हिरवी अक्षरं दाखवली होती.

संध्याकाळी सातनंतरचे सगळे पॉइंट मी फाइलमधून उडवले आणि पहाटे पाचला पुन्हा मोजले. खिळा दीड सेंटिमीटरच्या आत बसला. जादा दिवसाचे पैसे इंजिनिअरने बिलातून कापलेच. तेव्हापासून मार्च आणि ऑक्टोबरच्या कोटेशनमध्ये मी एक ओळ घालतो: रात्री सात ते बारा जीपीएसने उंची घेतली जाणार नाही, घाई असेल तर टोटल स्टेशन (उपग्रहांशिवाय मोजणारं यंत्र), दर वेगळा.